एक जादा प्रश्न

मला बंगाली येतं ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती, आणि ती माहीत करून देण्याचं काम मीच केलं होतं. आमचे हे सैन्यात होते. त्यांच्या नोकरीतली सहा वर्षं आम्ही उत्तर बंगालमध्ये, कूचबिहारकडं काढली. तिथल्या एका शाळेत मी लहान मुलांना गणित शिकवत होते आणि मुलांशी बोलता बोलता भाषा तोंडात बसली, अक्षरंही आली. निवृत्तीनंतर आम्ही बेळगावात कॅम्पात घर घेतलं, मी इथल्या शाळेतही काही वर्षं शिकवलं. पण घरी कुणी पाहुणे आले, मिठाईचा विषय निघाला, की मी दोन वाक्यं बंगालीत म्हणून दाखवायचीच. हे हसायचे आणि म्हणायचे, “सुरू झालं प्रदर्शन.”

त्यामुळं फेब्रुवारीतल्या त्या सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. फोन करणारी हवालदार बाई ओळखीची होती. तिची मुलगी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती.

“टीचर, तासभर येऊन जाता काय?” ती म्हणाली. “दोघी मायलेकी आणल्यात. आईचं हिंदी आम्हाला कळंना आणि आमचं तिला. साहेब म्हणाले, बंगाली येणारं कोण मिळतंय का बघा.”

मी साडी बदलली. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “विचारतील तेवढंच सांग आणि ये.”

ठाण्यात मला आत, इन्स्पेक्टरांच्या खोलीत नेलं. इन्स्पेक्टर कन्नड बोलणारे, वयानं माझ्या मुलाएवढे, बोलायला सभ्य. त्यांनी मला खुर्ची दिली आणि प्रकरण सांगितलं. शहरात भाड्यानं राहणाऱ्या बाहेरच्या लोकांचे कागद तपासायचं काम चालू होतं. या दोघींच्या घरमालकानं त्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आणून दिल्या. कार्डावरचा पत्ता पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला होता, आणि नेमका तोच पत्ता दुसऱ्या गावात बांगलादेशी म्हणून पकडलेल्या आणखी काही लोकांच्या कार्डांवर निघाला होता. म्हणून दोघींना चौकशीला आणलं होतं.

भिंतीकडच्या बाकावर त्या बसल्या होत्या. आई चाळिशीतली असावी, पण चेहरा साठीचा. शेजारी मुलगी, फिकट निळा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, पाठ ताठ. मी आधी मुलीकडं वळले आणि बंगालीत तिचं नाव विचारलं.

 ती मराठीत म्हणाली, “मॅडम, मला मराठी येतंय. मी निपाणीतच वाढलोय. काल कामावरनं नुकतंच आलतो, तवर पोलीस आले.”

माझं माहेर निपाणीचं. तिथल्या मुली स्वतःबद्दल बोलताना ‘आलतो, गेलतो’च म्हणतात. लग्न होऊन बाहेर पडल्यावर, चारचौघी हसायला लागल्या म्हणून मी ते सोडलं. ही मुलगी मी सोडलेली भाषा बोलत होती. बंगाली दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं आणि समोरची मुलगी माझ्या माहेरच्या गल्लीतली वाटत होती. मी इन्स्पेक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “तिचं नको मॅडम. तिला कन्नडसुद्धा येतं. आईचं विचारा.”

मग त्यांनी एकेक प्रश्न दिला आणि मी तो आईला बंगालीत विचारत गेले. नाव काय, नवरा कुठं असतो, कधीपासून इथं आहात, कार्ड कुणी काढून दिलं. ती खालच्या आवाजात उत्तरं देत होती. गाव मालद्याकडचं. नवरा इकडं वीटभट्टीवर कामाला होता, तो भट्टीवरच आजारी पडून वारला. त्यानंतर तेरा वर्षं ती निपाणीत घरी बसून विड्या वळत होती, बाहेरचं बोलणं मुलगीच करायची. मुलगी तिथंच शाळेत गेली. सहा महिन्यांपूर्वी बेळगावात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं म्हणून दोघी इकडं आल्या. मी ऐकत होते, कन्नडमध्ये सांगत होते आणि शेजारी बसलेला लेखनिक लिहून घेत होता.

प्रश्न संपले. इन्स्पेक्टरांना वरिष्ठांचा फोन आला, ते खिडकीशी जाऊन बोलू लागले. चहा आला. आईनं कप हातात घेतला आणि निम्मा चहा बशीत सांडला. मला तिची दया आली. आणि त्या दयेत दुसरंही काही मिसळलेलं होतं. इतक्या वर्षांनी कुणाशी तरी सलग अर्धा तास बंगालीत बोलले होते. शब्द आठवत होते, उच्चार जमत होते. मला ते थांबवायचं नव्हतं.

मी तिला विचारलं, “बापेर बाडी कोथाय, बोन?” बहिणी, तुझं माहेर कुठलं?

हा प्रश्न इन्स्पेक्टरांनी दिलेला नव्हता.  आपल्याकडं दोन बायका एसटीत शेजारी बसल्या की जसं विचारतात तसं मी विचारलं.

तिनं पहिल्यांदा नजर वर करून माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले. “राजशाही, दिदी,” ती म्हणाली. “नदीच्या अगदी काठाला.” आणि मग ती थांबेना. नदीनं आधी शेत खाल्लं, मग अंगण, मग एका पावसाळ्यात सगळं घरच गेलं. सासरही त्याच काठावर, तेही गेलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची, काखेत. हे सगळं तिनं दोन-तीन मिनिटांत सांगितलं. तेरा वर्षांत तिला तिचं माहेर कुणी विचारलंच नसावं.

खिडकीपाशी बोलणं थांबलं होतं. इन्स्पेक्टर परत आले. “एन अंताळ्री मॅडम?” त्यांनी विचारलं. काय म्हणते ती?

त्या वेळी मला काय काय सांगता आलं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. रडते आहे, नवऱ्याची आठवण काढते आहे, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पण मी आयुष्यभर शिक्षिका होते. विचारलं की उत्तर द्यायचं, इतकंच मला माहीत. मी म्हणाले, “मी माहेर विचारलं. राजशाही म्हणाली.”

ते नाव उच्चारतानाच मला कळलं की मी काय केलं आहे.

इन्स्पेक्टरांनी मोबाईलवर ते नाव टाईप केलं.  मग त्यांनी मोबाईल मुलीच्या हातात दिला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, “बघ, कुठे आहे.”

मुलीनं दोन बोटांनी नकाशा मोठा केला. आधी लहान केला, पुन्हा मोठा केला. एका जागी बोट ठेवून ती म्हणाली, “ही रेघ बॉर्डरची हाय.” मग आईकडं वळली. दोघी घरात बंगाली बोलत असणार, आई म्हणाली ते सगळं तिला कळलं होतं. राजशाही हे नावही तिनं पूर्वी ऐकलं असेल. पण ते रेघेच्या पलीकडं, बांगलादेशात आहे हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ती आईला मराठीतच म्हणाली, “तू तर मालदा म्हणालतीस.”

आईनं पदर तोंडावर घेतला.

दुभाषी म्हणून प्रत्येक पानावर माझ्या सह्या घेतल्या. सही चांगली येते माझी, वळणदार. चार पानं होती.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तू खोटं थोडंच सांगितलंस.” त्यांनी समजूत घालायला म्हटलं, पण त्या वाक्यानं मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींना कोर्टात उभं केलं आणि तिथून महिलांच्या तुरुंगात पाठवलं. मला हे हवालदार बाईकडून कळलं. मीच फोन केला होता. ती आवाज कमी करून म्हणाली, “टीचर, पोरगी एकसारखं सांगत होती, माझं कार्डावरचं वय खोटं हाय म्हणून. निपाणीत पॅकिंगच्या कामाला लहान म्हणून घेईनात, तवा एका माणसानं दोन वर्षं वाढवून कार्ड काढून दिलं म्हणे. कुणी ऐकलं न्हाय. कार्डावर एकोणीस हाय.”

टिळकवाडीत माझी एक जुनी विद्यार्थिनी वकिली करते. मी तिच्याकडं गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सोपं करून सांगितलं. अशा प्रकरणात माणूस परदेशी आहे हे पोलिसांनी सिद्ध करायचं नसतं, आपण इथले आहोत हे त्या माणसानंच दाखवायचं असतं. आणि या मुलीकडं दाखवायला काही नव्हतं. तिच्याविरुद्ध मात्र आईचं स्वतःचं बोलणं होतं, चार पानांवर, सहीनिशी.

“मग ती लहानपणी आलेली, इथंच शिकलेली, याला काही किंमत नाही?” मी विचारलं.

“न्यायाधीशांना वाईट वाटू शकतं, टीचर. पण लहानपणी आणलं म्हणून वेगळी वागणूक, असं कायद्यात काही नाही. चार वर्षांची असताना स्वतः चालत आली नाही, एवढंच म्हणता येईल.” मग ती म्हणाली, “एक गोष्ट मात्र करता येईल. खरंच अठराच्या आत असेल तर तिला तुरुंगात ठेवता येत नाही. वयाला आधार कार्ड चालत नाही, शाळेचा दाखला चालतो. तो आणायला हवा.”

मला काहीतरी करायला मिळालं. मी दुसऱ्याच सकाळी निपाणीची एसटी धरली.

संकेश्वर मागं पडलं आणि थोड्या वेळानं तंबाखूचा तो वास आला. लहानपणी तो आम्हाला येतच नसे, बाहेरून येणारे नाक धरायचे तेव्हा कळायचं. आता मलाही यायला लागला आहे. शाळा बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. हेडमास्तरीण बाईंना मी नाव सांगितल्याबरोबर मुलगी आठवली.

“लई हुशार हो,” त्या म्हणाल्या. “आमची मराठी शाळा, पण नोव्हेंबरात कर्नाटक राज्योत्सवाला कन्नडमधलं भाषण हीच करायची. काय झालं तिला?”

मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग शिपायाला सांगून जनरल रजिस्टर आणवलं. निळ्या शाईतली ओळ सापडली. जन्मस्थळाच्या रकान्यात ‘निपाणी’ लिहिलं होतं. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून.

ती तारीख बघून मला बाईंकडं बघवेना आणि त्यांना माझ्याकडं. ज्या मुलांचे जन्माचे कागद नसतात, त्यांना शाळेत घालताना आम्ही शिक्षक अंदाजानं वर्ष धरतो आणि तारीख एक जून लिहितो. शाळा सुरू होण्याच्या दिवसाला वय बरोबर बसतं, म्हणून. मी स्वतः कितीतरी मुलांना तो वाढदिवस दिलेला आहे. या मुलीलाही कुण्या गुरुजींनी असाच दिला होता. त्या हिशेबानं ती सतरा वर्षं आणि आठ महिन्यांची होती.

बाई घाबरल्या होत्या. “जन्मस्थळ निपाणी कसं लिहिलंत म्हणून उद्या आमच्यावर येईल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तोंडी मागू नका. कोर्टाचा कागद आणा, मी रीतसर उतारा देते.” मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. वकील मुलीनं अर्ज करून आदेश मिळवला, मी पुन्हा निपाणीला गेले आणि उतारा घेऊन आले.

तो उतारा दाखल करायच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मला मायलेकी दिसल्या. दोघींच्या मध्ये एक महिला पोलीस. तीन आठवड्यांत मुलगी वाळली होती. मी तिला सांगितलं की आता तुला तुरुंगात ठेवणार नाहीत, मुलींच्या सरकारी गृहात ठेवतील, तिथं चांगलं असतं.

“आणि आई?”

“आई मोठी आहे. तिला तिथं घेत नाहीत.”

“मग मला न्हाय जायचं,” ती म्हणाली. “मला आईजवळच ठेवा. ती रात्रीची झोपत न्हाय. तिला तिथलं कुणाचं बोलणं कळत न्हाय, मीच सांगतोय तिला सगळं.”

मी वकील मुलीकडं बघितलं. ती इंग्रजीत मला म्हणाली की तुरुंग तो तुरुंग, सतरा वर्षांच्या मुलीनं तिथं एक दिवसही राहू नये. मलाही ते पटलं. आम्ही दोघींनी ठरवलं. मुलीचं म्हणणं आम्ही ऐकलं, पण धरलं नाही. आईला तर विचारलंच नाही.

आदेश झाला आणि मुलीला दुसऱ्या गाडीकडं नेऊ लागले तेव्हा आईनं माझा हात धरला. “दिदी, कुठं नेतायत तिला?” तिनं बंगालीत विचारलं.

“चांगल्या जागी,” मी म्हणाले.

“चांगली जागा आहे तर मला का नेत नाहीत?”

  मुलगी गाडीत बसेपर्यंत मागं वळून आईला काहीतरी सांगत होती. मी ऐकायचा प्रयत्न केला. औषधाची गोळी जेवणानंतर घे, एवढंच कळलं.

मुलींच्या गृहात मी दर पंधरा दिवसांनी जाऊ लागले.  पहिल्या भेटीत मी नेलेली केळी टेबलावर तशीच राहिली. दुसऱ्या वेळी तिनं विचारलं, “आईकडं गेलतासा?” मी गेले होते. आई बरी आहे असं सांगितलं. खरं म्हणजे तुरुंगात भेटीच्या जाळीपलीकडं ती माझ्याशी फार बोलली नव्हती. मुलगी जेवते का, एवढं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्या भेटीत मुलीनं अकरावीची अकाउंट्सची पुस्तकं मागितली. तिला कॉमर्सला जायचं होतं. दहावीनंतर विड्या आणि पॅकिंग यात दोन वर्षं गेली, ती भरून काढायची होती. मी पुस्तकं नेली. तिथल्या अधीक्षक बाई म्हणाल्या, “ही लहान मुलींचा अभ्यास घेते. जायला नको हो ही.”

पण तारखा ठरलेल्या होत्या. वकील मुलीनं दोन अर्ज केले. मुलगी इथं वाढली, इथं शिकली, तिथं तिचं ओळखीचं कुणी नाही, असं लिहिलं. न्यायाधीशांनी ते शांतपणे वाचलं, असं वकील मुलगी म्हणाली. त्यांनी शिक्षणाबद्दल चांगले शब्दही काढले. अर्ज नामंजूर झाले. खटला लांबवत बसण्यापेक्षा दोघींना परत पाठवायचं असं वरून ठरलं.

मे महिन्यात आईला इतर काही लोकांबरोबर रेल्वेनं बंगालकडं नेलं. निघण्याआधी मुलीला भेटवा म्हणून आम्ही धडपडलो. परवानगीचा कागद आला तो गाडी गेल्यानंतर. हे मुलीला सांगायचं काम मी अधीक्षक बाईंवर ढकललं. मला धीर झाला नाही.

मग एक जून आला. गृहाच्या वहीप्रमाणे त्या दिवशी ती अठरा वर्षांची झाली. कुठल्या तरी गुरुजींनी सोय म्हणून लिहिलेली तारीख, तिच्यामुळं तिला आईपासून वेगळं केलं, आणि त्याच तारखेनं आता तिला गृहातूनही बाहेर काढलं. आठवडाभरात तिला बेंगळूरकडं, परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात नेलं. तिथं जायला मला परवानगी मिळाली नाही. दोनदा पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

त्या दिवसांत मी घरात चिडचिड करत होते. ह्यांच्या मित्रानं एकदा जेवायला बसल्यावर सहज म्हटलं, “वहिनी, बंगालीत काहीतरी म्हणा की.” मी ताटावरून उठून आत गेले. ह्यांनीच त्यांना काहीतरी सांगून वेळ निभावून नेली.

ऑक्टोबरात एका दुपारी परदेशातल्या नंबरवरून फोन आला. हे म्हणाले, “उचलू नको, फसवाफसवीचा असेल.” मी उचलला.

“टीचर, मी बोलतोय.”

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. बांगलादेशात बसून निपाणीची मुलगी माझ्याशी बोलत होती. सप्टेंबरात तिला नेलं होतं. सीमेवर यादी वाचली, एकेकाला पलीकडं सोडलं. पलीकडं आई उभी नव्हती, मामा उभा होता. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात आईनं दिलेला तिचा शाळेतला फोटो होता, त्यावरून त्यानं तिला ओळखलं. आता दोघी मामाच्या घरी राहत होत्या. माहेरचं जुनं गाव नदीत गेलं ते गेलंच, मामाचं घर आत सरकून नव्या वस्तीत होतं.

“लोकं मला इंडिया म्हणत्यात,” ती म्हणाली. “नावानं न्हाय हाक मारत. माझं बोलणं ऐकाय पोरी जमत्यात. आणि मला पाट्या वाचता येत न्हाईत, टीचर. बसवर काय लिहिलंय ते विचारावं लागतंय. अडाणी असल्यागत वाटतंय.”

तिथंही तिच्या जन्माचा कागद नव्हता. कचेरीत कागद मागत होते. आईच्या वेळची माणसं साक्षीला शोधायचं काम मामा करत होता.

  मग तिनं विचारलं, “टीचर, तुम्ही त्या दिवशी आईला तिचं माहेर का विचारलासा?”

आठ महिने मी स्वतःला हेच विचारत होते, त्यामुळं उत्तर तयार असायला हवं होतं. मी म्हणाले, “तिच्या हातून चहा सांडला होता. तिला बरं वाटावं म्हणून.” एवढ्यावर थांबता आलं असतं. पण थांबले नाही. “आणि मला बंगाली येतं, ते बोलायचं होतं. त्यात चांगलं वाटत होतं मला.”

“आईला बरं वाटलतं,” ती म्हणाली. “तिनं सांगितलं मला. कुणीतरी माहेर विचारलं म्हणाली.” आणि मग सरळ आवाजात, “मला न्हाय वाटलं.”

मी माफी मागितली. तिनं ‘असू दे’ वगैरे काही म्हटलं नाही. मला तिच्याकडून ते ऐकायचं होतं, हे मान्य करायला हवं. ती म्हणाली, “मला बंगाली लिहाय शिकवता काय?”

तेव्हापासून रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी वहीवर अक्षर काढून मोबाईलसमोर धरते, ती तिकडं काढते. देवनागरी येत असल्यानं तिला ओळख पटकन होते, पण जोडाक्षरांत अडकते. तीन महिन्यांत ती पाट्या वाचायला लागली. चुकलं की स्वतःवरच चिडते आणि निपाणीतली एखादी शिवी हासडते, मग जीभ चावते. मागं कधी कधी आई दिसते, चूल पेटवताना, कपडे वाळत घालताना. ती मोबाईलसमोर येत नाही. एकदाच आली, माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि गेली.

मध्यंतरी ठाण्यातून पुन्हा फोन आला होता. बांधकामावरची चार तरुण पोरं आणली होती. मी आधी नाही म्हणाले. मग मी नाही गेले तर कोण जाईल, याचा विचार करत तासभर बसले आणि गेले. दिलेला प्रश्न विचारला, दिलेलं उत्तर सांगितलं, एका पोरानं मला ‘दिदी’ म्हटलं तेव्हा खाली मान घातली. ती पोरं मुर्शिदाबादची, आपल्याच देशातली निघाली. गावाकडून कागद येईपर्यंत आठ-नऊ दिवस अडकली आणि सुटली. ती सुटल्यावर हवालदार बाईनं मुद्दाम फोन करून सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. मी तिचे आभार मानले.

मागच्या रविवारी मुलीनं अभ्यास केला नाही. म्हणाली, डोकं चालत नाही. ढाक्याला कपडे शिवायच्या कारखान्यात मुली जातात, वस्तीतल्या दोघी गेल्यात, त्या ये म्हणतायत. जन्माचा कागद नसला तरी तिथं घेतात म्हणे. कॉलेजचं काही खरं दिसत नाही. मामाच्या घरी किती दिवस बसायचं. ती एकामागून एक सांगत होती आणि मी ऐकत होते.

“जाऊ काय मी?” तिनं विचारलं.

मला चटकन मत सुचलं. तोंडावर आलंही होतं. मी ते आत ठेवलं आणि म्हणाले, “आईला विचारलंस?”

“विचारलं की,” ती म्हणाली. “आई म्हणत्या, टीचरला विचार.”

मी तिला म्हणाले, आईला बोलाव. ती उठून गेली. मोबाईल तिनं कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यात पत्र्याची भिंत आणि दोरीवरचा एक ओला टॉवेल दिसत होता. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, मुलगी मराठीत, आई बंगालीत, आणि आई नाही म्हणत होती. बऱ्याच वेळानं मुलगी परत आली. “ती येत न्हाय,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी येईन म्हणत्या.”

“बरं,” मी म्हणाले. “तवर कुठं जाऊ नको.”

“न्हाय जात,” ती म्हणाली, आणि वही उघडली.